लिटरला साडेसात ग्रॅम: सल्फानिलमाइडचं प्रकरण

सल्फानिलमाइड नावाची पांढरी पावडर घ्या, एक लिटर पाणी घ्या, तापमान साधारण २५ अंश सेल्सिअस. किती विरघळेल? साडेसात ग्रॅम. त्यापुढे जे घालाल ते तळाशी बसतं, कितीही ढवळा. आणि १९३७ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीला ह्याच पावडरचं असं पातळ औषध हवं होतं की ज्यात लिटरमागे जवळजवळ १०० ग्रॅम असेल. साडेसात कुठे आणि शंभर कुठे, तेरा पटींचं अंतर आहे, आणि ते अंतर ज्या रीतीने भरून काढलं गेलं त्यात शंभरावर माणसं गेली, त्यातली बरीच लहान मुलं होती.

हे प्रकरण बहुतेक वेळा औषध कायद्याचा इतिहास म्हणून सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे, पण मला ते नेहमी विद्राव्यतेचं प्रकरण वाटत आलंय. कारण सगळ्याची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून झाली, ही पावडर पाण्यात का विरघळत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर रेणूच्या रचनेत होतं आणि शोधलं गेलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

आधी थोडी पार्श्वभूमी. सल्फानिलमाइड पहिल्यांदा बनवलं पॉल गेल्मो यांनी व्हिएन्नात, १९०८ मध्ये, आणि तेव्हा औषध म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, तो रंगांच्या रसायनशास्त्राचा भाग होता. पुढे जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिल नावाच्या लाल रंगाचा जंतूंवर परिणाम दाखवला, आणि १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी दाखवून दिलं की प्रोंटोसिल शरीरात तुटतं आणि त्यातून जे सल्फानिलमाइड निघतं तेच खरं काम करतं. जुना पदार्थ असल्यामुळे पेटंटची अडचण नव्हती, कुणीही बनवू शकत होतं, आणि पेनिसिलिन औषध म्हणून हातात यायच्या आधीचा तो काळ, त्यामुळे घसा सुजवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर चालणारं औषध म्हणजे डॉक्टरांसाठी केवढी मोठी गोष्ट असेल याची कल्पना करा. गोळ्या आणि पावडर वापरात होत्या आणि चांगल्या चालल्या होत्या. पण लहान मुलं गोळी गिळत नाहीत, पातळ औषध हवं अशी मागणी यायला लागली. टेनेसीतल्या ब्रिस्टल गावच्या एस. ई. मॅसेन्गिल कंपनीने ते काम आपल्या मुख्य रसायनतज्ज्ञांकडे, हॅरोल्ड वॉटकिन्स यांच्याकडे दिलं. मागणीत काहीच चूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगतोय. आजारी मुलाला घेता येईल असं औषध करायला निघालेला माणूस योग्यच प्रश्न घेऊन बसला होता.

आता रेणू बघू, कारण इथेच थांबून बघण्यासारखं खूप आहे.

मधे बेंझीनची सहा कार्बनची कडी. तिच्या एका टोकाला अमिनो गट, म्हणजे एक नायट्रोजन आणि त्यावर दोन हायड्रोजन. बरोबर समोरच्या टोकाला सल्फोनमाइड गट, म्हणजे एक सल्फर, त्याला दोन ऑक्सिजन आणि पुन्हा एक नायट्रोजन दोन हायड्रोजन घेऊन. बास, एवढाच रेणू, रेणुभार १७२. शाळा-कॉलेजात आपण शिकतो की पाण्याला आवडणारे गट जास्त आणि तेलकट भाग कमी असला की पदार्थ पाण्यात विरघळतो. त्या हिशोबाने मोजून बघा, नायट्रोजनवर बसलेले चार हायड्रोजन, ते पाण्याला हायड्रोजन बाँड देऊ शकतात, दोन ऑक्सिजन बाँड घेऊ शकतात, आणि तेलकट म्हणावं असं फक्त एक कडं. कुणीही म्हणेल की हा रेणू पाण्यात साखरेसारखा विरघळायला पाहिजे.

मग जवळच्या नातेवाइकांशी तुलना करा. नुसतं बेंझीन पाण्यात लिटरला १.८ ग्रॅमच्या आसपास जातं. त्यावर एक अमिनो गट बसवला की ॲनिलीन, ते ३६ ग्रॅम, म्हणजे वीस पट. अमिनोऐवजी ओएच बसवला की फिनॉल, ते ८० च्या वर. इथपर्यंत शिकवलेला नियम छान चालतो. आता बेंझीनवर अमिनोऐवजी सल्फोनमाइड गट बसवा, ज्यात पाण्याला धरायला जागा जास्त आहेत, तर बेंझीनसल्फोनमाइड मिळतं आणि त्याची विद्राव्यता चार-साडेचार ग्रॅम! आणि दोन्ही गट एकत्र बसवले की आपलं सल्फानिलमाइड, साडेसात ग्रॅम. म्हणजे पाण्याला आवडणारे गट वाढवत गेलो आणि विद्राव्यता ॲनिलीनच्या पाचव्या हिश्श्यावर आली. नियम मोडला का? नाही, नियम अर्धाच शिकवला गेला होता.

राहिलेला अर्धा भाग दिसायला या चौघांचे द्रवणांक शेजारी मांडून बघावेत. ॲनिलीन उणे ६ अंशाला वितळतं, म्हणजे खोलीत ते द्रवच असतं. फिनॉल ४० च्या जरा वर. बेंझीनसल्फोनमाइड १५० च्या वर आणि सल्फानिलमाइड १६५. द्रवणांक म्हणजे स्फटिकाने आपले रेणू किती घट्ट धरलेत त्याची खूण. विरघळायचं म्हणजे रेणूला आधी स्वतःच्या घरातून बाहेर पडायला लागतं आणि मग पाण्यात जागा करून घ्यायला लागते, आणि आपण शिकताना फक्त दुसऱ्या पायरीचा विचार करतो. जे नायट्रोजनवरचे हायड्रोजन पाण्याला बाँड देऊ शकतात तेच शेजारच्या सल्फानिलमाइडच्या ऑक्सिजनलाही देऊ शकतात, आणि स्फटिकात नेमकं तेच झालेलं असतं, एका रेणूचा एनएच दुसऱ्याच्या सल्फरवरच्या ऑक्सिजनला धरून, तो तिसऱ्याला, असं सगळीकडून विणलेलं जाळं. पाण्याला धरायला जे हात आहेत ते आधीच एकमेकांत गुंतलेत.

याचा एक सुंदर पुरावा आहे. कुठलाही पदार्थ ऑक्टेनॉल आणि पाणी यांच्यात वाटून घ्यायला दिला की तो कुणीकडे जास्त जातो ते मोजतात, ऑक्टेनॉल म्हणजे आठ कार्बनचं तेलकट अल्कोहोल. तेलकट रेणू ऑक्टेनॉलच्या वरच्या थरात जातात. सल्फानिलमाइडसाठी हा आकडा लॉगमध्ये उणे ०.६२ आहे, म्हणजे साध्या भाषेत ऑक्टेनॉलमध्ये एक भाग गेला तर पाण्यात चार भाग. हा रेणू तेलकट नाहीच, त्याला दोघांतून निवडायला लावलं तर तो पाणी निवडतो. औषध बनवणाऱ्या लोकांत न विरघळणाऱ्या पदार्थांचे दोन प्रकार बोलण्यात असतात, एक ग्रीस बॉल आणि दुसरा ब्रिक डस्ट, म्हणजे एक तुपाच्या गोळ्यासारखा पाण्याचा तिटकारा असलेला आणि दुसरा विटेच्या चुऱ्यासारखा, ज्याला पाण्याचा राग नाही पण स्वतःचा स्फटिक सोडवत नाही. सल्फानिलमाइड दुसऱ्या गोटातलं. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे कारण दोघांवरचे उपाय वेगळे असतात.

औषधशास्त्रज्ञ सॅम्युअल याल्कोव्स्की यांचं एक समीकरण आहे ज्यात हे दोन्ही भाग एकत्र येतात: ०.५ मधून ऑक्टेनॉलचा तो लॉग आकडा वजा करायचा, आणि २५ अंशांच्या वर द्रवणांक जितके अंश असेल त्याचा शंभरावा भाग वजा करायचा, की मोल प्रति लिटरमधल्या विद्राव्यतेचा लॉग मिळतो. म्हणजे द्रवणांक १०० अंशांनी वाढला की विद्राव्यता दहापट खाली. सल्फानिलमाइडचे आकडे घातले तर उत्तर येतं लिटरला साधारण ९० ग्रॅम, आणि द्रवणांकाचा दंड काढून टाकला तर पाण्यात जवळजवळ हवं तेवढं मिसळेल असं येतं. म्हणजे एकट्या द्रवणांकामुळे पंचवीस पट घट. पण खरा आकडा ९० नाही, साडेसात आहे, समीकरण इथे बारा पटींनी चुकतं, आणि ते का चुकतं हे मला बरोबर आलेल्या उत्तरापेक्षा जास्त शिकवून जातं. ते समीकरण असं गृहीत धरतं की स्फटिकातून सुटलेला रेणू ऑक्टेनॉलमध्ये अगदी मोकळेपणाने मिसळतो. सल्फानिलमाइड ऑक्टेनॉलमध्येही फारसं रमत नाही. ईथर, क्लोरोफॉर्म, बेंझीन यांत तर ते जवळजवळ जातच नाही. पण ॲसिटोनमध्ये मात्र एक ग्रॅमला ५ मिली पुरतात!

ॲसिटोनच का? कारण ह्या रेणूकडे देण्यासारखे हायड्रोजन चार आहेत आणि घेणारे ऑक्सिजन दोनच, तेही सल्फरवरचे, फार ओढ नसलेले. अमिनोच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी कड्यातून पलीकडच्या सल्फर-ऑक्सिजनकडे ओढली गेलेली असते, त्यामुळे तो नायट्रोजन घेणारा म्हणून जवळपास निकामी. थोडक्यात हा देणारा रेणू आहे, त्याला घेणारा सोबती पाहिजे. ॲसिटोन नुसतं घेतं, त्याच्याकडे स्वतःचा देण्यासारखा हायड्रोजन नाही आणि त्यामुळे स्वतःचं घट्ट जाळंही नाही. पाणी घेतं पण स्वतःच्या जाळ्यात इतकं गुंतलेलं असतं की मधल्या त्या सपाट कड्यासाठी जागा करायला त्याला महाग पडतं. अल्कोहोल म्हणजे इथेनॉल मधे कुठेतरी, एक ग्रॅमला ३७ मिली, म्हणजे लिटरला २७ ग्रॅम. अजून शंभर लांब आहे.

लॅबमध्ये हे सगळं एका टेस्ट ट्यूबमध्ये दिसतं आणि मला हा प्रयोग मनापासून आवडतो. अर्धा ग्रॅम पावडर, १० मिली पाणी. ढवळलं तरी पांढरं गढूळ, थोडी विरघळते बाकी फिरत राहते. उकळीपर्यंत गरम केलं की बघता बघता सगळं स्वच्छ, कारण उष्णतेने स्फटिकाची पकड सुटते, उकळत्या पाण्यात हीच पावडर कितीतरी पट जास्त जाते. आता ट्यूब थंड होऊ द्या, काचेवर काडीने जरा घासा, की पांढऱ्या चकचकीत सुया धरायला लागतात, आधी दोन-चार आणि मग एकदम झुडूप. त्या सुया म्हणजे रेणू परत एकमेकांचे हात धरतायत. त्या गढूळ ट्यूबमध्ये कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब घालत गेलं की एका क्षणी गढूळपणा जातो. मग हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायला लागा, मधे पुन्हा पांढरं होतं, आणि ॲसिड घालतच राहिलं तर पुन्हा स्वच्छ. एकच पदार्थ, एकच पाणी, आणि तो दोनदा विरघळला एकदा बाहेर आला, तोही गरम न करता.

हे होतं कारण रेणूला दोन टोकं आहेत आणि दोघांनाही भार घेता येतो. सल्फोनमाइडचा नायट्रोजन आपला एक हायड्रोजन सोडून ऋणभारित होऊ शकतो, पण त्यासाठी पीएच १०.४ च्या आसपास किंवा वर न्यायला लागतो. अमिनो टोक एक हायड्रोजन उचलून धनभारित होऊ शकतं, पण आत्ताच म्हटलं तसं त्याची जोडी कड्याने ओढून घेतलेली, म्हणून पीएच २ पर्यंत खाली गेल्याशिवाय ते तयार होत नाही, साध्या ॲनिलीनमध्ये हेच ४.६ ला होतं. भार आला की पाणी त्या रेणूला अशा ताकदीने ओढतं की स्फटिक टिकत नाही. आणि अडचण लगेच दिसेल: पीएच २ ते १० या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे माणसाला पिता येईल अशा सगळ्या द्रावणांत, हा रेणू भाररहित असतो. रक्ताच्या ७.४ पीएचला हजारातला एक रेणू भारित. लहान मुलाच्या तोंडात पीएच ११ चं औषध घालता येत नाही आणि पीएच १ चंही नाही. म्हणून रेणूला भार देऊन त्याचं सॉल्ट, म्हणजे क्षार, बनवून विरघळवायचा जो नेहमीचा मार्ग आहे तो सल्फानिलमाइडला बंद होता.

वॉटकिन्स यांच्यापुढे हे असं कोडं होतं. पाणी चालत नाही, अल्कोहोल पुरत नाही, ॲसिटोन पाजता येत नाही, पीएच हलवता येत नाही. त्यांनी मग वेगवेगळे सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारे द्रव, बघितले आणि डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं.

त्याची रचना बघितली की ते का चाललं हे लगेच कळतं. दोन कार्बन, मधे ऑक्सिजन, पुन्हा दोन कार्बन, आणि दोन्ही टोकांना ओएच. म्हणजे घेणारे ऑक्सिजन तीन आणि देणारे हायड्रोजन दोनच, घेण्याची जागा शिल्लक. चार हायड्रोजन हातात घेऊन बसलेल्या सल्फानिलमाइडला नेमकं हेच हवं होतं. शिवाय मधले कार्बन त्या सपाट कड्याला सामावून घेतात, पाण्यासारखा घट्ट जाळ्याचा प्रश्न येत नाही, आणि टोकाच्या ओएचमुळे पाण्यात हवं तेवढं मिसळतं. चवीला गोड, दिसायला पारदर्शक, जरा घट्टसर, म्हणजे सिरपसारखं. फक्त विद्राव्यतेच्या नजरेने बघितलं तर ही निवड हुशारीची होती, हे मान्य करायला पाहिजे.

शेवटचं मिश्रण असं होतं: सल्फानिलमाइड १० टक्क्यांच्या आसपास, डायएथिलिन ग्लायकॉल ७२ टक्के, पाणी १६ टक्के, बाकी रंग आणि रासबेरीचा स्वाद. कंपनीने तपासलं ते रूप, वास आणि चव. प्राण्यांवर काही तपासलं नाही, आणि तेव्हाचा कायदाही तसं करा म्हणत नव्हता. ह्या ग्लायकॉलच्या विषारीपणाबद्दल काही प्रयोग तोवर छापूनही आले होते. २४० गॅलन बनलं, सप्टेंबर १९३७ मध्ये ६३३ खेपांत देशभर पाठवलं गेलं.

ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या डॉक्टरांकडून अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळलं की हे औषध घेतलेले पेशंट लघवी बंद होऊन मरतायत. असोसिएशनच्या लॅबने तपासून दाखवलं की दोष सल्फानिलमाइडचा नाही, सॉल्व्हंटचा आहे. मग सरकारच्या औषध खात्याचे जवळजवळ सगळे इन्स्पेक्टर, २३९ जण, बाटल्या शोधत गावोगाव फिरले आणि २४० पैकी २३४ गॅलन आणि वर एक पाइंट परत मिळवलं. जे परत आलं नाही त्यातल्या काही भागाने १५ राज्यांत शंभरावर जीव घेतले. म्हणजे साधारण सहा गॅलनचा हिशोब आहे हा, मला हा आकडा वाचला की दरवेळी थांबायला होतं. वॉटकिन्स यांनी नंतर स्वतःचं आयुष्य संपवलं. कंपनीवर खटला चालला तो चुकीच्या नावाचा, कारण औषध 'एलिक्सिर सल्फानिलमाइड' नावाने विकलं होतं, आणि एलिक्सिर म्हटलं की त्यात अल्कोहोल असायला हवं आणि यात नव्हतं, लेबलवर सोल्यूशन लिहिलं असतं तर तेवढाही आधार राहिला नसता. जून १९३८ मध्ये नवा कायदा आला, त्यात विक्रीआधी सुरक्षितता दाखवणं बंधनकारक झालं.

विष कशाचं झालं तेही रचनेतच आहे. यकृत अल्कोहोलचं करतं तेच या ग्लायकॉलचं करतं, टोकाच्या ओएचला आधी अल्डिहाइड आणि मग आम्ल बनवतं. दोन्ही टोकं अशी बदलली की डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं, मधला ऑक्सिजन तसाच आणि दोन्ही बाजूंना आम्लगट. रक्ताच्या पीएचला दोन्ही गट भारित असतात, म्हणजे पाण्यात विरघळायला उत्तम आणि पेशीच्या तेलकट पडद्यातून आपोआप बाहेर पडायला अगदी नालायक. मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींमध्ये ते साठत जातं आणि त्या पेशी मरतात. शेजारीच प्रोपिलिन ग्लायकॉल बघा, तीन कार्बन, दोन ओएच शेजारी शेजारी, मधे ऑक्सिजनचा पूल नाही. शरीर त्याचं लॅक्टिक ॲसिड करतं, जे स्नायू रोजच बनवतात, आणि म्हणून ते आज औषधांत मर्यादेत वापरलं जातं. दोघंही पाण्यात पूर्ण मिसळतात, दोघांतही सल्फानिलमाइड विरघळतं. विद्राव्यतेच्या तक्त्यात हे दोघं शेजारी बसतील, तो तक्ता पुढचं काही सांगत नाही. आणि हे एकदाच घडलं असंही नाही, १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलिन ग्लायकॉल आल्यामुळे १४ रुग्ण दगावले.

मग दुसरं काय करता आलं असतं? एक अगदी सरळ मार्ग होता, विरघळवायचंच नाही. बारीक दळलेली पावडर पाण्यात घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाबरोबर तरंगत ठेवायची आणि बाटली हलवून द्यायची. सल्फामेथॉक्साझोल या सल्फानिलमाइडच्याच कुळातल्या औषधाचं मुलांसाठीचं रूप आजही असंच सस्पेन्शन असतं. पोटात गेल्यावर भरपूर द्रव मिळतो, डोस तिथे हळूहळू विरघळतो, बाटलीतच स्वच्छ दिसायला पाहिजे हा हट्ट धरायची गरज नसते. माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक इथे आहे, पारदर्शक द्रावण पाहिजे हे कुणी तपासून बघितलेलं गरजेचं नव्हतं, ते गृहीत धरलं गेलं होतं.

दुसरा मार्ग रेणूलाच हात लावायचा, आणि पुढच्या काही वर्षांत रसायनतज्ज्ञांनी तो चांगलाच चालून दाखवला. सल्फोनमाइडच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉन ओढणारं काहीतरी बसवलं की त्याचा उरलेला हायड्रोजन सहज सुटतो, म्हणजे रेणू जास्त आम्लधर्मी होतो आणि भार घ्यायला पीएच १० ची वाट बघायला लागत नाही. सल्फाडायाझिन नावाच्या अशा एका औषधात भार घ्यायचा बिंदू पीएच ६.५ वर आला. पण तिथे एक वेगळा त्रास होता, भाररहित सल्फाडायाझिन पाण्यात सल्फानिलमाइडपेक्षाही खूप कमी जातं, आणि लघवीचा पीएच ५.५ असला की भार जवळपास नसतो, मग मूत्रपिंडात स्फटिक धरायचे. उपाय म्हणून भरपूर पाणी आणि खायचा सोडा द्यायचे, कारण लघवी ७.५ वर नेली की भाररहित एका रेणूमागे दहा भारित होतात आणि विद्राव्यता ५.५ च्या तुलनेत साधारण दहापट. नंतर तीन वेगवेगळी सल्फा औषधं थोडी थोडी एकत्र द्यायची युक्ती निघाली, प्रत्येक रेणू आपल्या आपल्या मर्यादेपर्यंत स्वतंत्र विरघळतो, दुसऱ्याची गर्दी त्याला मोजत नाही, कारण स्फटिक आपल्यासारख्यांचाच बनतो. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

पण सगळ्यात जवळून बघण्यासारखं उदाहरण म्हणजे एका ॲसिटाइल गटाचं. दोन कार्बन, एक ऑक्सिजन, तीन हायड्रोजन, एवढासा तुकडा. तो सल्फानिलमाइडच्या अमिनो टोकाला बसवला, जसं शरीर स्वतःच औषध निकामी करताना बसवतं, तर द्रवणांक १६५ वरून २१९ वर जातो आणि जो पदार्थ मिळतो तो मूळच्यापेक्षाही कमी विरघळतो, भार घ्यायची तयारीही वाढत नाही. तोच तुकडा उचलून दुसऱ्या टोकाच्या नायट्रोजनवर ठेवला तर सल्फासेटामाइड मिळतं. दोघांत अणू तेच, तितकेच, रेणुभार दोघांचा २१४. सल्फासेटामाइड भाररहित असताना पाण्यात लिटरला साडेसहा-सात ग्रॅमच जातं, म्हणजे जवळपास सल्फानिलमाइडइतकंच, तिथे काही कमाई नाही. पण भार घ्यायचा बिंदू १०.४ वरून ५.४ वर येतो. पीएच ७.४ ला शंभर भारित रेणूंमागे एक भाररहित, आणि त्याचं सोडियम सॉल्ट डोळ्यात घालायच्या थेंबांमध्ये १० टक्के ताकदीचं मिळायचं, काही थेंब ३० टक्क्यांचेही, स्वच्छ पारदर्शक, डोळ्याला सोसेल अशा पीएचला, आणि विरघळवायला फक्त पाणी.